अड्यारच्या बारा खाटा

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी हे नाव महाराष्ट्रात कोणाच्या कानावर असलेच, तर ते देवदासी प्रथेविरुद्ध झगडणाऱ्या विदुषी म्हणून. 1912 साली त्यांनी मद्रासला वैद्यकाची पदवी संपादन केली. 1927 साली तेथील विधिमंडळात त्यांनी प्रवेश केला. परंतु 1923 साली त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली, आणि त्या शोकातून एका रुग्णालयाचा संकल्प जन्मास आला. तो सिद्धीस जाण्यास तीन दशके लागली. 1949 साली विमेन्स इंडियन असोसिएशनने त्यासाठी निधी उभारण्यास आरंभ केला, 1952 साली पंडित नेहरूंनी अड्यार येथे कोनशिला बसविली, आणि 1954 च्या जून महिन्यात 12 खाटांचे रुग्णालय सुरू झाले.

सरकारदरबारी या कल्पनेचे फारसे स्वागत झाले नव्हते. हे रोगी मरणारच. मग त्यांच्यावर वेगळा खर्च कशासाठी, असा तो विचार होता. मी स्वतः सरकारी टिपणे लिहिणारा माणूस आहे. म्हणून सांगतो, असला युक्तिवाद कागदावर फार शहाणा दिसतो. रोगी अखेरच्या अवस्थेत येतो म्हणून दगावतो, आणि रोगी दगावतात म्हणून पुढचा रोगी उशिरा येतो, हे चक्र मात्र त्या कागदावर उमटत नाही.

ते चक्र भेदण्याचे काम मुथुलक्ष्मींचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि 1955 साली येऊन मिळालेल्या डॉ. व्ही. शांता यांनी केले. शांताबाईंची एग्मोरच्या सरकारी स्त्री-रुग्णालयात निवड झालेली होती. ती प्रतिष्ठेची जागा सोडून त्या अड्यारला आल्या, आणि 2021 च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिल्या. कोबाल्ट-60 चे किरणोपचार यंत्र या संस्थेने 1950 च्या दशकातच मिळविले. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांपैकी दीर्घकाळ जगणारी मुले एके काळी पाचांत एकही नसत. 1980 च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने नवी औषधयोजना आखली गेली, आणि हे प्रमाण पुष्कळ वाढले.

मला त्याहून मोलाची वाटते ती तेथील नोंदवही. घरी गेलेला रोगी पाच वर्षांनी कसा आहे, याचा पाठपुरावा संस्था चिकाटीने करीत राहिली. 1980 च्या दशकाच्या आरंभी सबंध शहराची कर्करोग-नोंदणी तिने हाती घेतली. चेन्नईत गर्भाशयमुखाचा कर्करोग ओसरत आहे आणि स्तनांचा वाढत आहे, हे त्या नोंदणीतूनच दिसून आले.

आपल्याकडे याच वाटेने बार्शी गेली. मुंबईस परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून होते. पण खेड्यातील बाईला मुंबई कोठली? 1987 साली बार्शी परिसरात देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. माहिती गोळा करणारे कार्यकर्ते गावोगाव हिंडत, आणि जाता जाता रोगाची आरंभीची लक्षणेही समजावून सांगत. अंगावर जाणारे अवेळी रक्त हे चारचौघांत बोलण्याचे दुखणे नव्हे. तेथे कोणी तरी प्रथम बोलावे लागते. पुढील काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, असे त्याच नोंदींनी दाखविले.