माथेरानचा कारभार आणि ओझें वाहणारे हात

ज्युबिली म्हटली कीं हिशेब आलाच. देवळाच्या भिंती कोणीं उभारल्या, घंटा कोणीं अर्पण केली, कोणत्या पाद्रीमहाराजांच्या कारकीर्दींत काय काय घडलें, ह्याचीं टिपणें ह्या पुस्तिकेच्या इतर पानांवर वाचकांस मिळतीलच. आम्हीं येथें निराळा हिशेब मांडण्याचें योजिलें आहे. ज्या माथेरान गांवांत आपलें देऊळ उभें आहे, त्या गांवाचा कारभार कोणीं, कोणासाठीं व कोणाच्या खांद्यांवर चालविला, हा तो हिशेब होय.

जुन्या करारांतील ज्युबिली ही मुळांत रोषणाईची किंवा मेजवानीची गोष्ट नव्हती. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दास्यांत पडलेल्यास मोकळें करावें, ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत द्यावी, असा मोशेच्या धर्मशास्त्राचा दंडक होता. तेव्हां आपल्या गांवांत जोखड कोणाच्या मानेवर होतें, हें विचारल्यावांचून आपला उत्सव पुरा होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

माथेरान म्हणजे माथ्यावरचें रान. समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० फूट उंचीच्या ह्या पठाराचा 'शोध' १८५० सालच्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनीं लावला, असें सर्वत्र सांगितलें जातें. परंतु साहेबांच्या पूर्वींही ठाकूर, कातकरी व धनगर हे लोक ह्या डोंगराच्या वाटा जाणत होते. पुढें १८५५ सालीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येथें आले, आणि त्यांच्या मागोमाग मुंबईच्या बड्या लोकांचे बंगले उठूं लागले. १८५६ सालीं आगगाडी खालून नेरळमार्गें खोपोलीपर्यंत धांवूं लागली, आणि माथेरान मुंबईच्या हाकेच्या अंतरावर आलें.

मात्र नेरळपासून वर येणारा घाट होता तसाच राहिला. ज्यास बळ असेल त्यानें पायीं चढावें, ज्याजवळ पैसा असेल त्यानें तट्टावर किंवा माणसांनीं उचललेल्या खुर्चींत बसावें, असा तेव्हांचा प्रघात होता. धान्य, कापड, लांकूडसामान, बंगल्यांचीं कौलें, सर्व कांहीं कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरूनच आलें. सर आदमजी पीरभाय ह्यांच्या पैशानें व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांच्या चिकाटीनें बांधलेली दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी १९०७ सालीं सुरू झाली, तेव्हां ह्या ओझ्याचा मोठा भाग हलका झाला. त्या पितापुत्रांचें नांव येथें आदरानें घेतलेंच पाहिजे.

गांवाचा कारभार आरंभीं सरकारनें नेमलेल्या सुपरिंटेंडेंटच्या हातीं होता. हा अधिकारी बहुधा डॉक्टर असे, आणि मॅजिस्ट्रेटचे अधिकारही त्याजकडेच असत. ज्या वस्तीचा जन्मच हवा खाण्यासाठीं व प्रकृति सुधारण्यासाठीं झाला, तिच्यावर वैद्यानें राज्य करावें, ह्यांत नवल नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत येथें म्युनिसिपालिटी आली. रस्ते दुरुस्त राखणें, झाडलोट, दिवाबत्ती व दवाखाना हीं कामें तिच्याकडे आलीं. परंतु सारी व्यवस्था हंगामाच्या तालावरच चालत राहिली. पाहुणे आले म्हणजे रस्ते झाडले जावेत, पाणी मुबलक असावें. आणि पावसाळ्यांत धुकें उतरून हॉटेलांचीं दारें बंद झालीं, म्हणजे मागें उरलेल्या कुटुंबांनीं आपलें आपण पाहावें, असा जणूं अलिखित ठरावच होता.

पाण्याची गोष्ट ह्याला उत्तम साक्ष आहे. ह्या डोंगरावर पावसाळ्याचे चार महिने पाणी धो धो कोसळतें, आणि जांभ्या दगडाची ही भूमि तें धरून ठेवीत नाहीं. म्हणून ओढ्यास बांध घालून शार्लट तलाव तयार करण्यांत आला. वस्ती व पाहुणे वाढले तसा तो अपुरा पडूं लागला, आणि नेरळकडील उल्हास नदीचें पाणी उपसून एवढ्या उंचीवर चढविण्याची वेळ आली. अशा पाण्याला विजेचा खर्च फार, म्हणून तें महागही पडतें. २०११ च्या शिरगणतींत माथेरानची कायम वस्ती जेमतेम ४,४०० च्या आसपास भरली. दहा वर्षांपूर्वीं ती ५,१०० च्या वर होती. एवढ्याशा गांवानें सुट्टीच्या दिवशीं येणाऱ्या लोंढ्याचें पाणी, केर व वाट सांभाळावयाची, आणि तेथील तरुणानें मात्र पोटासाठीं डोंगर उतरावयाचा, हें दुःख जुनें आहे.

ह्या कारभारांत गरिबाच्या बाजूनें बोलणारे कोणी निघालेच नाहींत, असें मात्र नव्हे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच आपले भाई कोतवाल, १९१२ सालीं ह्याच गांवीं एका नाभिक कुटुंबांत जन्मले. कायद्याचें शिक्षण घेऊनही त्यांनीं कचेरीची वाट धरली नाहीं. सावकाराच्या पाशांतून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनीं धान्यकोठ्या काढल्या, खालच्या वाड्यापाड्यांवर शाळा चालविल्या, आणि माथेरानच्या म्युनिसिपालिटींतही ते निवडून गेले. बेचाळीसच्या चळवळींत भूमिगत होऊन २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत त्यांनीं हिराजी पाटलांसह देह ठेविला. त्यांचा मार्ग आमच्या ख्रिस्तजनांपैकीं किती जणांनीं त्या काळीं जाणला असेल, हें सांगवत नाहीं. पण भुकेल्याला धान्य देण्याची आज्ञा त्यांनीं आमच्याहून अधिक पाळली, एवढें कबूल करणें प्राप्त आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. माथेरानांत मोटारगाडीला बंदी आहे; रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडल्यास वाहनें दस्तुरी नाक्याशीं थांबतात. २००३ सालीं केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळें ह्या बंदीस आणखी बळकटी आली. झाडें वांचलीं, हवा निर्मळ राहिली. आम्हांस ह्या बंदीचा अभिमान आहे, व तो असावा. परंतु यंत्र बाहेर ठेवलें म्हणून ओझें नाहींसें झालें नाहीं. तें घोड्याच्या पाठीवर व माणसाच्या छातीवर आलें. पुढें एकानें दांडा धरून ओढावें, मागें दुसऱ्यानें लोटावें, आणि मध्यें धडधाकट पाहुण्यानें छत्री उघडून बसावें. हातरिक्षेचें हें चित्र पिढ्यान्‌पिढ्या येथील लाल मातीच्या चढावांवर दिसत आलें. छोटी गाडी जेव्हां जेव्हां बंद पडली, तेव्हां तेव्हां हा भार वाढला. २००५ च्या अतिवृष्टींत तिचा मार्ग वाहून गेला व ती थांबली; दोन वर्षांनीं, २००७ सालीं, ती पुन्हां सुरू झाली. २०१६ सालीं डबे घसरल्यावर ती पुन्हां थांबली. २०१९ च्या पावसानें रूळ उखडले, आणि नेरळपासून वरपर्यंतची वाट २०२२ च्या ऑक्टोबरांत मोकळी झाली.

ह्या प्रथेविरुद्ध दाद शेवटीं सर्वोच्च न्यायालयांत लागली. २०२२ च्या मे महिन्यांत न्यायालयानें विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग करण्यास अनुमति दिली, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो सुरू झाला. २०२४ सालीं अशा वीस रिक्षांपुरती परवानगी मिळाली, आणि त्या खऱ्या ओढणाऱ्यांसच मिळाव्या ह्यावरून पुन्हां वाद चालला. परवानाधारक हातरिक्षा होत्या ९४, तेव्हां वीस रिक्षांनीं सर्वांचें समाधान कसें व्हावें? अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या पीठानें निकाल दिला. माणसानें माणसास ओढणें हें मनुष्याच्या प्रतिष्ठेस काळिमा लावणारें आहे. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी. ओढणाऱ्यांच्या पोटाची सोय म्हणून गुजरातेंतील केवडियाच्या धर्तीवर त्यांना विजेच्या रिक्षा भाड्यानें द्याव्या. आणि पैसा नाहीं ही सबब सरकारनें पुढें करूं नये, असा त्याचा आशय होता. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक घालण्यास मुभा मिळाली. आंतल्या रस्त्यांवर व रानवाटांवर ते घालूं नयेत, असेंही ठरलें.

ह्या वादांत दुसरी बाजू नव्हती असें कोणीं समजूं नये. घोडेवाल्यांस आपला धंदा बुडेल ही भीति वाटली, आणि ती खोटी म्हणतां येत नाहीं. जनावराला खाणें बारमाही लागतें, पाहुणा मात्र हंगामीं येतो. आज वीज आली, उद्यां तिच्या मागून मोटार येईल, अशीही शंका झाडांच्या कैवाऱ्यांनीं घेतली. ह्या सर्वांचें ऐकून घेणें हें म्युनिसिपालिटीचें व देखरेख समितीचें काम आहे. परंतु झाडाची सावली राखण्यासाठीं माणसाची छाती फुटावी, असा सौदा धर्मास मान्य नाहीं.

ख्रिस्तसभेची शिकवण ह्या बाबतींत स्पष्ट आहे. पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ सालीं 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकानें मजुराच्या मानवी योग्यतेचा व रास्त वेतनाचा प्रश्न जगापुढें मांडला. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं 'लाउदातो सी' मध्यें सृष्टीची हानि व गरिबाचें हाल हीं दोन निराळीं दुखणीं नसून एकच आहे, असें दाखविलें. माथेरानसारख्या गांवास ह्याहून नेमका उपदेश कोणता हवा?

आणि आमचा स्वतःचा दोष? मिस्सेसाठीं आलेले पाहुणे देवळाच्या पायरीशीं हातरिक्षेंतून उतरले, ते आम्हीं पाहिले. आंत प्रभूनें कालवारीची चढण कशी चढली ह्याचें चिंतन चालत असतां, बाहेर घाम पुशीत एक मनुष्य सवारी परत नेण्यासाठीं उभा असे. त्यास पाण्याचा पेला देण्याचें तरी आमच्यापैकीं कितीजणांस सुचलें? कुरेनेकर शिमोनाचें नांव आम्ही दर शुक्रवारीं घेतलें, पण आपल्या दारच्या शिमोनाचें नांव विचारलें नाहीं.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आमची आपल्या मंडळीस विनंति आहे. ज्यांनीं रिक्षा ओढली त्यांच्याच हातीं नवें वाहन पडतें कीं नाहीं, इकडे आपण लक्ष ठेवावें. अर्ज लिहितां न येणाऱ्याचा अर्ज आपल्या सुशिक्षितांनीं लिहावा. घोडेवाल्याच्या तक्रारीसही कान द्यावा, आणि पालिकेच्या सभांत आपल्यापैकीं जे जातील त्यांनीं हंगामाआधीं गांवकऱ्यांच्या पाण्याची गोष्ट काढावी. दगडांचें देऊळ पूर्वजांनीं, व त्यांच्यासाठीं ओझें वाहणाऱ्या अनाम हातांनीं, उभें करून दिलेंच आहे. त्या हातांचें ऋण फेडण्याची बुद्धि परमेश्वर आम्हांस देवो, हीच प्रार्थना.