श्वास देणारे हात आणि थांबण्याचा प्रश्न : अतिदक्षता विभागातील उपशामक शुश्रूषेचा इतिहास

१/ रुग्ण अत्यवस्थ झाला की त्याला अतिदक्षता विभागात हलवतात आणि आप्तजन बाहेरच्या बाकावर वाट पाहत बसतात. हा विभाग जन्मला तो जीव वाचवण्यासाठी. मग वेदनाशमन, संवाद आणि शांत मृत्यू यांचा विचार तेथे कसा शिरला? त्याचाच हा धागा.

२/ कोपनहेगन, १९५२. पोलिओची भीषण साथ. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक दाखल होत होते. मोठे श्वसनयंत्र एकच, छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्राचे उपचार मिळालेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

३/ भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी २७ ऑगस्ट रोजी एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद करवून घेऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. ती वाचली. पुढे सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस पिशव्या दाबून रुग्णांना जगवले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

४/ डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच कोम्यूनेहॉस्पितालमध्ये गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. तोच जगातील पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो.

५/ पण यशाच्या पोटातच एक नवा पेच होता. तोवर श्वास थांबणे म्हणजे मृत्यू. आता श्वास दुसऱ्याच्या हाती आला. मग तो केव्हा थांबवायचा? ऑस्ट्रियातील भूलतज्ज्ञ ब्रूनो हाइड यांनी हे कोडे थेट पोप बारावे पायस यांच्यापुढे मांडले. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी उत्तर आले : सर्वसाधारण उपाय करणे हे कर्तव्य, असाधारण उपाय मात्र बंधनकारक नाहीत.

६/ याच काळात लंडनमध्ये दुसरा प्रवाह उगम पावत होता. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि अखेर डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना केवळ शरीराची नसते. ती मनाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते, हा त्यांचा सिद्धान्त. मात्र ही शुश्रूषा मुख्यतः कर्करुग्णांपुरती राहिली. यंत्रांच्या दालनापर्यंत ती पोहोचायला अजून अवकाश होता.

७/ या दोन प्रवाहांमधील पहिला पूल पुन्हा इब्सेन यांनीच बांधला, हे विशेष. १९७४ मध्ये डॅनिश रेडिओवरील मुलाखतीत ते अतिदक्षता विभागातील मृत्यूविषयी आणि उपचार थांबवण्याविषयी उघडपणे बोलले. मोठे वादळ उठले. ज्याने श्वास द्यायला शिकवले, त्यानेच थांबण्याचा विषय काढावा, हे अनेकांना पचले नाही.

८/ १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरन अ‍ॅन क्विनलन या बेशुद्ध तरुणीचे श्वसनयंत्र काढण्याची मुभा दिली. यंत्र निघाले, पण ती स्वतःच्या श्वासावर १९८५ पर्यंत जगली. यंत्र काढले म्हणजे शुश्रूषा संपली असे नव्हे, हे या प्रकरणाने दाखवले.

९/ खरा आरसा दाखवला तो १९९५ च्या 'सपोर्ट' या अमेरिकी अभ्यासाने. पाच रुग्णालये, ९,१०५ गंभीर रुग्ण. शुद्धीत असताना रुग्णालयात वारलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना अखेरच्या दिवसांत बराच काळ मध्यम ते तीव्र वेदना होत्या, असे नातेवाइकांनी सांगितले. हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवन नको, ही रुग्णाची इच्छा निम्म्याहून कमी डॉक्टरांना ठाऊक होती. यंत्रे उत्तम होती. संवाद तुटला होता.

१०/ भारतात १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस उभे राहिले. केईएम रुग्णालयातील अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कठोर अटींसह निष्क्रिय दयामरणाला वाट करून दिली. त्यांच्यासाठी मात्र परवानगी नाकारली. चार दशके त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांचा शब्द तेथे निर्णायक ठरला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सुलभ झाली.

११/ आज या शुश्रूषेचा अर्थ सरळ आहे. धाप आणि वेदना यांवर औषध, कुटुंबाशी वेळेवर व स्पष्ट बोलणे, रुग्णाची इच्छा विचारणे, कोरडे ओठ ओलावणे, जवळच्या माणसाला हात धरू देणे. हे सारे उपचार हरल्यावर नव्हे, उपचारांबरोबरच सुरू व्हायला हवे.

१२/ १९५२ मध्ये यंत्रे अपुरी होती, म्हणून प्रत्येक उशाशी एक माणूस बसला होता. आज यंत्रे आहेत. उशाशी माणूस असावा, हा आग्रह मात्र आपल्याला नव्याने धरावा लागतो. घरातील वडीलधाऱ्यांशी हा विषय धडधाकट दिवसांतच बोलून ठेवावा. बाहेरच्या बाकावर बसल्यावर तो फार जड होतो.

(धागा समाप्त)