त्रुहियोचे पाहुणे

होंडुरास देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅरिबियन समुद्राच्या एका विस्तीर्ण आखाताकांठीं, त्रुहियो नांवाचें लहानसें गांव आहे. मागें गर्द झाडीचा डोंगर, पुढें संथ पाणी, आणि मध्यें टेकाडावर जुना स्पॅनिश किल्ला. त्याच्या तोफा अजून समुद्राकडे तोंड करून आहेत. दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं. हें गांव जन्मापासूनच झोपाळू असावें, असा परक्याचा समज होतो. परंतु त्याची झोप पुष्कळांनीं मोडली, आणि ते बहुतेक आले तसे निघून गेले.

१५०२ च्या ऑगस्टांत कोलंबस चवथ्या सफरींत या आखाताच्या भूशिरापाशीं उतरला. १५२५ सालीं स्पॅनिशांनीं गांव वसविलें, व लवकरच मेक्सिकोचा विजेता कोर्तेस येथें येऊन गेला. १६४३ सालीं चांच्यांनीं तें उद्ध्वस्त केलें. पुढें शतकाहून अधिक काळ तें ओसाडच होतें.

सर्वांत विलक्षण पाहुणा विल्यम वॉकर. अमेरिकेच्या टेनेसी संस्थानांत जन्मलेला हा गृहस्थ भाडोत्री शिपायांच्या बळावर १८५६ सालीं निकाराग्वाचा अध्यक्ष होऊन बसला, आणि तेथें त्यानें गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. शेजारच्या राष्ट्रांनीं एकत्र येऊन त्यास हुसकून लावलें. तरी त्याची खुमखुमी जिरली नाहीं. १८६० च्या ऑगस्टांत त्यानें त्रुहियोचा किल्ला घेतला. येथील जकातीचें उत्पन्न कर्जापोटीं इंग्रजांकडे गहाण होतें! इंग्रज आरमार धांवून आलें, वॉकर शरण गेला, आणि होंडुरासच्या स्वाधीन झाला. १२ सप्टेंबर रोजीं ३६ वर्षांच्या या माजी अध्यक्षास गोळ्या घालण्यांत आल्या. त्याचें थडगें गांवच्या जुन्या दफनभूमींत आहे. या परक्या साहसी पाहुण्यांत कायमचा राहिला तो हाच.

बँकेंतील अपहाराचा आरोप चुकविण्यासाठीं कथाकार ओ. हेन्री १८९६ सालीं होंडुरासला पळून आला होता. त्याच्या १९०४ मधील ‘कॅबेजिस अँड किंग्ज’ या पुस्तकांतील पेंगुळलेलें बंदर त्रुहियोवरून बेतलें आहे असें मानतात. ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्दप्रयोगही त्याच पुस्तकांतला. पुढें खरोखरच केळ्यांची अमेरिकन कंपनी आली, तिनें आगगाडी आणली. आणि बागांना रोग लागतांच १९४० च्या सुमारास तिनेंही गाशा गुंडाळला.

गांवांत जे टिकले ते मात्र कोणाचे पाहुणे म्हणून आले नव्हते. सेंट व्हिन्सेंट बेटावरील कॅरिब व आफ्रिकी रक्ताचे गारिफुना लोक इंग्रजांशीं लढले व १७९६ सालीं हरले. इंग्रजांनीं चार हजारांहून अधिक जणांना एका उजाड बेटावर कोंडलें. तेथें सुमारें निम्मे मेले. उरलेल्यांना १७९७ च्या एप्रिलांत रोआतान बेटावर सोडून जहाजें परतलीं. त्यांतील बहुतेकांना स्पॅनिशांनीं त्याच वर्षीं त्रुहियोस आणलें.

तेव्हांपासून गांवच्या क्रिस्तालेस व रिओ नेग्रो या वस्त्यांत त्यांची घरें आहेत. आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्याच्या कडू जातीची ते भाकरी करतात. कंद किसून वेताच्या लांब पिळणींत घालतात, विषारी रस निथळूं देतात, मग किसाचें पीठ रुंद तव्यावर थापतात. कष्टाचें काम, तें बायका मिळून करतात. त्यांची भाषा, नृत्य व संगीत यांस २००१ सालीं युनेस्कोनें मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलें.

किनाऱ्याला मात्र आतां नवे पाहुणे लाभले आहेत. निवृत्तीनंतर ऊन व समुद्र शोधणारे परदेशी येतात. जमिनींच्या किंमती चढतात. गारिफुनांची जमीन सामाईक मालकीची; ती एकट्यादुकट्यानें विकावयाची नसते, तरी ती हातोहात गेली. याच किनाऱ्यावरील दोन गारिफुना गांवांच्या दाव्यांत आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानें ऑक्टोबर २०१५ मध्यें होंडुरास सरकारास दोषी ठरविलें. अंमलबजावणी वर्षानुवर्षें रखडली. दर १२ एप्रिलला होंडुरासचे गारिफुना आपल्या आगमनाचा दिवस पाळतात. त्या दिवशीं ढोल वाजूं लागले कीं त्रुहियोंत कोणी झोपत नाहीं.