खुणेचा दुभाषी : पुणे व महाराष्ट्र यांतील सांकेतिक भाषांतराच्या व्यवस्थेचा मागोवा

पुणे शहराच्या इतिहासात दुभाष्याचे स्थान जुने आहे. पेशव्यांच्या दरबारी येणाऱ्या फिरंगी वकिलांशी बोलणी करावयाची तर मध्ये दोन्ही बाजूंची भाषा, किंवा निदान फारसी, जाणणारा मनुष्य लागे. पुढे इंग्रजी अंमलात भाषांतर हे सरकारी व्यवस्थेचे एक अंगच झाले. मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्या अधिकाऱ्याने आयुष्याची अनेक वर्षे मराठी भाषांतरे करण्यात व तपासण्यात घालविली आणि दक्षिणा प्राइझ कमिटीने अनुवादकांना बक्षिसे दिली. कचेरीत कानडी किंवा गुजराती पक्षकार उभा राहिला, तर त्याचे म्हणणे मराठीत वा इंग्रजीत आणण्याची सोय कमीअधिक प्रमाणात ठरलेली असे. सारांश, ज्याची भाषा निराळी त्याला दुभाषी द्यावा, हे तत्त्व या प्रदेशात कोणी नाकारले नव्हते. एका वर्गाची भाषा मात्र भाषा म्हणून ओळखलीच गेली नाही, आणि त्यामुळे त्या वर्गास दुभाषी देण्याचा प्रश्नही दीर्घकाळ उद्भवला नाही. हा वर्ग म्हणजे जन्मतः वा बालपणी श्रवणशक्ती गमावलेल्या माणसांचा होय. सरकारी कागदांत त्यांना प्रथम ‘मूकबधिर’ व नंतर ‘कर्णबधिर’ म्हटले गेले. हा नामबदल अर्थशून्य नाही. जो हातांनी बोलतो तो मुका कसा, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

हाताने बोलण्याची कल्पना मराठी समाजाला अपरिचित होती असे मात्र म्हणता येत नाही. मोल्सवर्थच्या कोशात ‘करपल्लवी’ हा शब्द आहे, आणि ‘नेत्रपल्लवी’ तर आजही वापरात आहे. करपल्लवीची जुनी रीत अशी : प्रत्येक वर्णवर्गाला हाताची एक मुद्रा ठरविलेली असे. नागाच्या फणीसारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की कवर्ग, चक्राची खूण केली की चवर्ग, याप्रमाणे. मुद्रेमागोमाग बोटांच्या संख्येने त्या वर्गातील अक्षर आणि शेवटी मात्रा दाखवावयाची. गुप्त संभाषणासाठी व चातुर्याच्या प्रदर्शनासाठी ही विद्या शिकत. परंतु करपल्लवी ही ऐकू येणाऱ्यांची विद्या होती. ती बोली भाषेतील अक्षरे हातावर उतरविते. ज्याला मुळात ती भाषाच कानावाटे मिळालेली नाही, त्याच्या उपयोगाची ती नव्हे. बहिऱ्या माणसांची भाषा अक्षरांवर उभी नसते. तिचे शब्द, तिचा वाक्यक्रम व तिचे व्याकरण स्वतंत्र असते. या दोहोंतील भेद न ओळखल्यामुळे पुढे पुष्कळ घोटाळा झाला. खुणांची भाषा म्हणजे मराठीचेच हातवारे, अशी समजूत सुशिक्षितांतही दृढ राहिली.

दुभाष्याच्या अभावाचे सर्वांत गंभीर परिणाम घरात नव्हे तर वाटणीच्या वेळी दिसत. मनुस्मृतीपासून मिताक्षरेपर्यंत जन्मबधिर व मूक यांना दायातून वगळलेले आहे. त्यांना अन्नवस्त्राचा हक्क आहे, हिश्श्याचा नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात या अनधिकाराची साद्यंत चर्चा केली असून, तो खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी न्यायालयांनी हा नियम हिंदू कायदा म्हणून स्वीकारला. तो दूर झाला १९२८ च्या कायद्याने. जन्मजात वेड किंवा जडबुद्धी वगळता अन्य कोणत्याही शारीरिक व्यंगामुळे वारसा नाकारता येणार नाही, असे त्याने ठरविले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने उरलेले अपवादही काढले.

कायद्याने हक्क दिला; पण तो बजावण्याचे साधन दिले नाही. खरेदीखत वा हक्कसोडपत्र नोंदविताना लिहून देणाऱ्यास मजकूर समजला आहे काय, हे निबंधकाने पहावयाचे असते. बहिऱ्या आणि निरक्षर इसमाला तो समजावून सांगणार कोण? बहुधा त्याचा भाऊ. तोच भाऊ त्याच मिळकतीचा सहहिस्सेदार. १९२८ पूर्वी ज्याला हिस्साच नव्हता, त्याला त्यानंतर हिस्सा मिळाला आणि तो कोणत्या शब्दांत सोडला जात आहे हे सांगण्याचे काम त्याच्या प्रतिपक्षाकडेच राहिले. आप्त दुभाषी हा नेहमीच लबाड असतो असे नाही. आईने मुलासाठी केलेल्या दुभाषेपणाइतके निःस्वार्थ काम दुसरे क्वचितच असेल. परंतु व्यवस्था ही सज्जनांच्या भरवशावर उभी करावयाची नसते, आणि या बाबतीत ती तशीच उभी होती.

शिक्षणाचा आरंभ मुंबईस झाला. बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास तेथे मूकबधिरांची शाळा निघाली. ती या देशातील पहिली मानली जाते. कलकत्त्याची शाळा १८९३ ची. हा काळ ध्यानात घेतला पाहिजे, कारण तत्पूर्वी थोडेच दिवस, १८८० च्या सप्टेंबरात, इटलीतील मिलान शहरी बधिर-शिक्षकांची परिषद भरून खुणांपेक्षा मुखोच्चाराची पद्धत श्रेष्ठ असल्याचा ठराव झाला होता. १६४ प्रतिनिधींत बहिरा एकच होता. त्या ठरावाबद्दल २०१० मध्ये व्हँकूव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने खेद व्यक्त केला. पण मधल्या एकशेतीस वर्षांत जगभर ज्या शाळा निघाल्या, त्यांवर मिलानची छाया पडली. मराठी मुलखातील शाळा याला अपवाद नव्हत्या. ओठ वाचणे, गळ्यावर हात ठेवून स्वराचा कंप जाणणे, एकेक वर्ण घोटून घेणे हा त्यांचा क्रम असे, आणि वर्गात हात हलविणे हा दोष मानला जाई.

येथे इतिहासाने एक विचित्र खेळ केला आहे. ज्या शाळांनी खुणा वर्ज्य केल्या, त्यांच्याच वसतिगृहांत व पटांगणांत खुणांची भाषा वाढली. खेड्यातील एकटे बहिरे मूल घरच्यांशी स्वतः रचलेल्या मोजक्या खुणांनी बोलते. अशी पन्नास मुले एका छपराखाली आली की त्या खुणांची भाषा होते. पुण्यातील रुईया मूकबधिर विद्यालयासारख्या संस्थांचे महत्त्व या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. शाळा सुटल्यावर माजी विद्यार्थी एकमेकांना धरून राहत. आणि पोलीस चौकीत, इस्पितळात किंवा लग्नाच्या बैठकीत अडचण आली की जुन्या मास्तरांना बोलावीत. अशा रीतीने आप्तानंतरचा दुसरा दुभाषी म्हणजे शिक्षक. त्याला मोबदला नव्हता, शपथ नव्हती, आणि पुष्कळदा त्याचे खुणांचे ज्ञानही मुलांकडून नकळत उचललेले असे.

भाषाशास्त्राने तरी या भाषेची दखल घ्यावी अशी अपेक्षा पुण्याकडून विशेष होती. १९५० नंतरच्या दशकात डेक्कन कॉलेज हे भारतीय भाषाशास्त्राचे प्रमुख पीठ होते, आणि पुढे डॉ. अ. म. घाटगे यांनी मराठी बोलींची पाहणी हाती घेऊन कुडाळीसारख्या बोलींची वर्णने सिद्ध केली. परंतु ग्रिअर्सनपासून चालत आलेल्या या पाहणीच्या परंपरेत भाषा म्हणजे मुखातून निघालेला ध्वनी, हे गृहीतच होते. विल्यम स्टोकी यांचा अमेरिकन सांकेतिक भाषेच्या रचनेवरील निबंध १९६० चा आहे. त्याने हे गृहीत मोडले, पण त्याचे पडसाद इकडे उशिरा आले. १९७७ च्या सुमारास मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणा गोळा केल्या. या चार शहरांतील खुणांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश परस्परसंबद्ध आहेत, असे त्यांना आढळले. वर्गात जिला बंदी होती, ती भाषा चार दूरच्या शहरांत एकमेकींच्या इतकी जवळ असावी, ही गोष्ट कोणत्याही भाषाशास्त्रज्ञास विचारात पाडणारी आहे. यानंतर उलरिके झेशान यांनी कराची व दिल्ली येथील व्याकरणाचा अभ्यास केला आणि दोन्हीकडे व्याकरण मूलतः एकच असल्याचे दाखविले.

या व्याकरणातील एक विशेष दुभाष्याच्या कामाशी थेट संबंधित आहे. मराठीत कोण, कोठे, केव्हा, किती असे निरनिराळे प्रश्नशब्द आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत एक सर्वसामान्य प्रश्नखूण असून तिच्या जोडीस दुसरी खूण देऊन अर्थ निश्चित करतात : चेहरा आणि प्रश्न म्हणजे कोण, जागा आणि प्रश्न म्हणजे कोठे. शिवाय ही खूण वाक्याच्या शेवटी येते आणि चेहऱ्याची ठेवण तिच्यासोबत बदलते. उलटतपासणीत वकिलाने एका दमात विचारलेला तीन पदरी प्रश्न या भाषेत आणावयाचा, तर त्याचे तुकडे करून, घटना आधी व प्रश्न नंतर, असा क्रम लावावा लागतो. हे ज्याला ठाऊक नाही तो शिक्षक वा आप्त ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर काढून देतो. आणि दप्तरी नोंद होते ती त्या उत्तराची.

व्यवस्थित प्रशिक्षणाचा आरंभ महाराष्ट्रातच झाला, ही समाधानाची गोष्ट होय. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय श्रवणविकलांग संस्था स्थापन झाली. तेथे २००१ मध्ये झेशान, वसिष्ठ व मेहेर सेठना यांच्या प्रयत्नांनी सांकेतिक भाषेचा विभाग सुरू झाला. त्यात बहिऱ्या व्यक्तींनाच भाषेचे शिक्षक म्हणून तयार करण्यात आले आणि ऐकू येणाऱ्यांना दुभाषी होण्याचे शिक्षण मिळू लागले. २०१५ च्या सप्टेंबरात दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले. त्याच्या कोशात २०१८ साली ३,००० शब्द होते; २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत ते १०,००० झाले.

दुभाषी तयार होणे आणि तो योग्य वेळी योग्य जागी पोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीला संयोजन म्हणतात, आणि बाहेरून पाहणाऱ्यास ते केवळ कारकुनी काम वाटते. वस्तुतः त्यात निवाड्याचा भाग मोठा आहे. दीर्घ चाललेल्या सभेत किंवा सुनावणीत एक मनुष्य अखंड भाषांतर करू शकत नाही. वीस-तीस मिनिटांनंतर त्याच्या चुका वाढू लागतात, म्हणून दोघे आळीपाळीने बसवावे लागतात. प्रसूतिगृहात वा स्त्रीवरील अत्याचाराच्या जबाबात स्त्री दुभाषी हवी. जो दुभाषी एका पक्षाच्या घरी येतोजातो, त्याला त्याच पक्षाच्या दाव्यात पाठविता येत नाही. आणि बहिऱ्यांचा समाज लहान असल्याने असा संबंध नसलेला मनुष्य मिळविणे सोपे नसते. ज्याला उशिरा बहिरेपण आले, त्याला खुणा उपयोगी नाहीत. त्याला मराठीत लिहून दाखविणारा लागतो. उजेडाकडे पाठ करून उभा राहिलेला दुभाषी तर नसल्यासारखाच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात श्रवणदोष असलेल्या सुमारे ४ लाख ७३ हजार व्यक्तींची नोंद झाली. ही सर्व माणसे खुणा वापरीत नाहीत हे खरे; पण कोण वापरतो हे विचारल्यावाचून कळत नाही, आणि विचारणे हेच संयोजकाचे पहिले काम होय.

कायद्याची वाटचाल याहून मंद, परंतु स्पष्ट आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११९ ने बोलू न शकणाऱ्या साक्षीदारास लिहून अथवा खुणांनी साक्ष देण्याची मुभा दिली. अट एवढीच की खुणा भर न्यायालयात कराव्यात. दुभाष्याचा उल्लेख त्यात नव्हता. आरोपी बहिरा असून त्यास कामकाज समजत नसेल, तर खटला तसाच चालवून दोषी ठरल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे, अशी तरतूद १८९८ च्या फौजदारी संहितेत होती व १९७३ च्या संहितेत ती कायम राहिली. समजावून देण्यापेक्षा वरिष्ठांकडे पाठविणे सोपे, असा हा मार्ग होता. २०१२ मध्ये राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या : दुभाष्याचा खटल्यात हितसंबंध नसावा व त्यास शपथ द्यावी, आणि नोंद प्रत्यक्ष खुणांची व्हावी, केवळ त्यांच्या अर्थाची नव्हे. लेखणीने हे साधणे जवळजवळ अशक्य होते. दुसऱ्याच वर्षी, २०१३ मध्ये, कलम ११९ बदलून दुभाषी अथवा विशेष शिक्षक यांचे साहाय्य आणि जबाबाचे चित्रीकरण ही दोन्ही आवश्यक ठरविण्यात आली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम १२५ म्हणून आली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषेचा समावेश केला. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बहिऱ्या वकील सर्वोच्च न्यायालयापुढे दुभाष्यामार्फत उभ्या राहिल्या, आणि पुढील महिन्यात न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतःच दुभाषी नेमला. दुभाषी केवळ साक्षीदारासाठी असतो, ही समजूत येथे मागे पडली.

तथापि शिकलेल्या दुभाष्याचीही एक मर्यादा आहे, आणि तिचे उदाहरण मराठवाड्याशी निगडित आहे. ‘गीता’ या नावाने प्रसिद्ध झालेली बहिरी मुलगी लहानपणी रेल्वेने सीमेपलीकडे पोचली व कराचीच्या ईधी संस्थेत वाढली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली व इंदूर येथे राहू लागली. तिला आपल्या गावाचे नाव सांगता येत नव्हते, कारण नाव हे कानाने मिळते. तिच्यापाशी होत्या त्या आठवणी : रेल्वे स्थानक, नदी, देऊळ, शेते. इंदूरच्या दुभाष्यांनी त्या खुणा टिपून, नकाशावर पडताळून, डिसेंबर २०२० मध्ये तिला नांदेड व तेलंगणाच्या सीमेवरील भागात फिरविले. मार्च २०२१ मध्ये तिची आई परभणीकडील असल्याचे बिल्किस ईधी यांनी कराचीहून जाहीर केले. आईची भाषा मराठी, मुलीची हातांची. पंधराहून अधिक वर्षांनंतर दोघी समोरासमोर आल्या, तेव्हाही मध्ये दुभाषी बसवावा लागला.