तालुक्याच्या गावात फोटोग्राफीचा व्यवसाय: कॅमेरा कोणता घ्यायचा, एडिटिंग कसं शिकायचं?

मोबाईलवर फोटो छान येतात, मंडळाच्या गणपतीचे तुम्ही काढलेले फोटो लोक स्टेटसला ठेवतात, दोन-चार मित्रांचे वाढदिवसही काढून झाले. मग घरात विषय निघतो, कॅमेरा घेऊन व्यवसायच सुरू केला तर? आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅनन घेऊ, निकॉन घेऊ की सोनी?

हा प्रश्न यादीत बराच खाली यायला हवा. कर्जावर घेतलेल्या कॅमेऱ्याचा हप्ता बारा महिने जातो, लग्नाचे मुहूर्त मात्र बारा महिने नसतात. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थंडावतो. त्या चार महिन्यांचे हप्ते पासपोर्ट फोटो आणि बारशांवर निघतील का, हा हिशेब आधी कागदावर मांडा. पंतप्रधान मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पहिल्या खरेदीसाठी शिशु गटाच्या आसपासच राहा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते कसं जमवायचं, ते पुढे बघू.

आधी काम, मग कॅमेरा

गावात नक्की कोणतं काम मिळतं? पासपोर्ट फोटो, बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा, लग्न, प्री-वेडिंग, शाळेचं स्नेहसंमेलन. अलीकडे सराफाचे दागिने, बुटिकच्या साड्या आणि हॉटेलची थाळी यांचे फोटोही व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगसाठी लागतात, आणि हे काम चातुर्मासातही चालू असतं.

प्रत्येक कामाची गरज वेगळी असते. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला प्रिंट करायचा तर ४१३ × ५३१ पिक्सेल लागतात. म्हणजे पाव मेगापिक्सेलसुद्धा नाही! कोणताही जुना डीएसएलआर हे काम करतो. तिथे फरक पडतो तो साध्या पांढऱ्या पडद्याने आणि दोन्ही बाजूंनी सारख्या पडलेल्या उजेडाने. ४ × ६ इंचाच्या एका कागदावर असे ८ फोटो बसतात.

लग्नाच्या अल्बमचं गणितही बघून घ्या, कारण मेगापिक्सेलच्या नावाखाली बरीच विक्री होते. आपल्याकडे चालणारी मोठी शीट १२ × ३६ इंचाची असते. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. तो एकटा पूर्ण ३६ इंचांवर पसरला तरी इंचाला १६६ पिक्सेल मिळतात, आणि मांडीवर अल्बम ठेवून बघणाऱ्याला ते पुरतात. बहुतेक शीटवर तर चार-सहा फोटो असतात. ४५ मेगापिक्सेलची बॉडी घेतली तर तुमची हार्ड डिस्क मात्र लवकर भरेल.

पैसे लेन्स आणि फ्लॅशवर घाला

मंगल कार्यालयात भर दुपारीही उजेड कमी असतो. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात, आणि हे सगळं अर्ध्या मिनिटात संपतं. गुरुजींना ‘पुन्हा एकदा घ्या’ म्हणता येत नाही.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ पर्यंत झूम केली की एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. त्याच जागी ५० एमएम एफ १.८ लेन्स लावली, तर सेन्सरवर जवळपास दहापट उजेड येतो. जो फोटो किट लेन्सने १२,८०० आयएसओवर काढावा लागला असता, तो साधारण १,२५० वर निघतो. चेहऱ्यावरचे रंगीत दाणे जातात, शालूचं जरीकाम दिसायला लागतं. आणि ही प्रत्येक कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. महागडी बॉडी आणि किट लेन्स या जोडीपेक्षा जुनी बॉडी आणि ही लेन्स कार्यालयात कधीही सरस ठरते.

दोन अडचणी आहेत. पूर्ण उघडल्यावर फोकसची खोली कमी होते, नवरा स्पष्ट येतो आणि अर्धं पाऊल मागे उभी असलेली नवरी धूसर. म्हणून जोडीचा फोटो एफ २.८ ते ४ वर काढा. दुसरं म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ७५ ते ८० सारखी वागते. नवरदेवाचे काका, मामा, आत्या सगळे एका चौकटीत घ्यायचे तर तुम्ही मागे सरकत सरकत पंगतीत जाल. त्यामुळे किट लेन्स विकू नका, ग्रुप फोटोला ती आणि फ्लॅश वापरा.

फ्लॅशचा उजेड थेट तोंडावर मारला तर कपाळ चमकतं आणि मागे काळी सावली पडते. डोकं वर वळवून छताकडे मारला तर उजेड मऊ होऊन खाली येतो. मात्र छत पांढरं हवं. लाल-पिवळ्या कापडाच्या मंडपात हाच प्रयोग केला तर सगळी वरात त्या कापडाच्या रंगाची होते. तिथे छोटी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स घ्या, नाहीतर उजेड एखाद्या पांढऱ्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूवरून परतवा. हो, हे खरंच चालतं.

सजावटीच्या एलईडी दिव्यांचाही एक त्रास असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक शटरवर आणि व्हिडिओत आडवे पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा ते जातात. व्हिडिओ २५ फ्रेम आणि १/५० वर ठेवण्याचं कारणही हेच.

सेकंडहँड घेताना

कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये फुल-फ्रेम मिररलेस आणले, तेव्हापासून अनेक फोटोग्राफर डीएसएलआर विकू लागले. मुंबईच्या बोरा बाजारापासून जिल्ह्याच्या गावातल्या स्टुडिओपर्यंत चांगल्या बॉडी मिळतात. सुरुवात करणाऱ्याने डीएसएलआरला जुना म्हणून नाक मुरडू नये. मिररलेस डोळ्यावर फोकस धरून ठेवतो, हा खरा फायदा आहे, विशेषतः वरातीत. पण तो दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात घेता येतो.

शटर किती वेळा चाललंय ते आधी विचारा. मधल्या वर्गातल्या बॉडींचं शटर साधारण १ ते २ लाख क्लिकच्या अंदाजाने बनवलेलं असतं, आणि लग्नाच्या फोटोग्राफरकडे एका लग्नात ३ हजार क्लिक सहज होतात. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. कॅननमध्ये बहुतेकदा केबलने संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो, म्हणून विक्रेत्याने मोबाईलवर दाखवलेल्या आकड्यावर जाऊ नका.

निकॉनची ५० एमएम एफ १.८ ‘डी’ लेन्स स्वस्त दिसते. पण तिच्यात फोकसची मोटर नाही, आणि डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीतही ती नाही. ही जोडी घेतली तर आयुष्यभर हाताने फोकस करावा लागेल. ‘जी’ लेन्स घ्या. पुढे निकॉन मिररलेसवर एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावला तरी ‘डी’ लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननच्या ईएफ लेन्स मात्र अ‍ॅडॅप्टर लावून नव्या आर मालिकेवर ऑटोफोकससकट चालतात.

लग्नाची ऑर्डर घेणार असाल तर दोन कार्डांची सोय असलेली बॉडी बघा. निकॉन डी ७५० मध्ये ती आहे, कॅनन ६डी मार्क २ मध्ये नाही. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिले जातात, एक खराब झालं तरी दुसरं असतं. लहान गावात एका लग्नाचे फोटो गेले ही बातमी पुढच्या मुहूर्ताच्या आत सगळ्या तालुक्यात पोचते.

एडिटिंग कॅमेऱ्याच्या आधी शिका

हे उलटं वाटेल, पण एडिटिंग शिकायला कॅमेरा लागत नाही. तुमच्या फोनच्या प्रो मोडमध्ये ‘रॉ’ किंवा ‘डीएनजी’ची सोय आहे का बघा. साध्या जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ असतात. फोनची रॉ इतकी श्रीमंत नसते, पण शिकायला उत्तम. लाइटरूमचं मोबाईल अ‍ॅप मोफत सुरू करता येतं, आणि त्यातले एक्स्पोजर, हायलाइट्स, शॅडोज, व्हाइट बॅलन्स हे स्लायडर संगणकावरच्या लाइटरूममध्येही तेच असतात. एकच फोटो घ्या, रोज एकच स्लायडर दोन्ही टोकांना ओढून बघा. महिन्याभरात हात बसतो.

हळदीचा कार्यक्रम ही या सगळ्याची खरी परीक्षा. पिवळा मंडप, पिवळी साडी, चेहऱ्याला हळद, त्यात कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो आणि पिवळं मारायला जाऊन सगळं निळसर करतो. सुरुवातीलाच एका राखाडी कार्डाचा फोटो काढून ठेवा. नंतर त्यावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवा आणि तेच सेटिंग त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना सिंक करा. शेकडो फोटो काही मिनिटांत सुधारतात. वेळ वाचतो तो इथे, एकेक फोटो घोटत बसण्यात नाही. आणि नवरीला दोन छटा गोरी करायची स्टुडिओंची जुनी सवय उचलू नका. अल्बममध्ये आजी ओळखू येत नाही, हात एका रंगाचे आणि चेहरा भलत्याच, असं होतं.

सॉफ्टवेअर कोणतं? फोटो निवडायला आणि रंग सुधारायला लाइटरूम, अल्बमची शीट लावायला फोटोशॉप, अशी आपल्याकडची रीत आहे. अडोबीने २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर नेल्या, त्यामुळे अनेक स्टुडिओंत २०१२ चं सीएस ६ किंवा चक्क २००२ चं फोटोशॉप ७.० चालतं. शीट लावायला ते पुरतं. पण कॅननने २०१८ मध्ये सीआर ३ ही नवी रॉ फाइल आणली, ती सीएस ६ उघडत नाही. अडोबीच्याच मोफत डीएनजी कन्व्हर्टरने फाइल बदलून घेतली की काम होतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाळा: त्याच्यासोबत व्हायरस आला तर गिऱ्हाइकाचे फोटो जातात, आणि जनरेटिव्ह फिलसारखी सर्व्हरवर चालणारी फीचर्स त्यात वैध खात्याशिवाय मिळत नाहीत. पैसे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी रॉ फाइलसाठी, गिंप फोटोशॉपच्या जागी, डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती व्हिडिओसाठी. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ कंपनीच मोफत देते, ती तर बऱ्याच जणांना माहीतच नसतात.

मराठी नावांचा एक त्रास जवळपास प्रत्येकाला होतो. शीटवर ‘शुभविवाह’ टाइप केलं की फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. नव्या फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन टेक्स्ट इंजिन ‘वर्ल्ड-रेडी’ किंवा ‘साउथ एशियन’ असं करा, नवी फाइल उघडा, अक्षरं जागेवर बसतात. फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपने आलेली नावं युनिकोडमध्ये असतात, ती जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फॉन्टमध्ये पेस्ट केली तर नुसता कचरा दिसतो. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता आणि बालू मोफत मिळतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या, तोही मोफत आहे.

लॅबला पाठवताना आणि जपून ठेवताना

स्क्रीनवर उजळ दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेकदा दोष मॉनिटरच्या ब्राइटनेसचा असतो. तो निम्म्यावर आणा, आणि पहिल्या ऑर्डरच्या आधी लॅबकडून चार-पाच वेगळ्या उजेडातल्या फोटोंची ४ × ६ ची प्रिंट काढून शेजारी धरून बघा. फाइल एसआरजीबीमध्ये पाठवा. कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी लावून लॅबने ते न ओळखल्यास रंग फिके पडतात.

संगणकाला १६ जीबी रॅम आणि एसएसडी असली की सुरुवातीला भागतं. त्याहून महत्त्वाची आहे साठवण. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५ ते ३० एमबीची, म्हणजे ३ हजार फोटोंचं एक लग्न ७५ ते ९० जीबी खातं. लग्नाच्या रात्री, जेवणाआधी, फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. पावसाळ्यात वीज पडून संगणक आणि त्याला लावलेली डिस्क एकदमच जाऊ शकते. अल्बम पार्टीच्या हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. चुकून झालंच, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो न काढता ते बाजूला ठेवा आणि फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. वरून नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर बरेच फोटो परत मिळतात.