बांधावर उभी राहिलेली बेटे : दिवाडी, चोडण आणि मांडवीचे खाजन

गोव्याच्या तिसवाडी तालुक्याला तिसवाडी हे नाव तेथील तीस वस्त्यांवरून पडले असे मानले जाते, आणि हा तालुका मुळात स्वतःच एक बेट आहे, कारण त्याच्या उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी आणि पूर्वेस या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी असून पश्चिमेस अरबी समुद्र आहे. या मोठ्या बेटाच्या उत्तर आणि ईशान्य कडेला, मांडवीच्या फाट्यांनी वेढलेली चोडण, दिवाडी, वांशी, जुवे आणि कुंभारजुवे ही लहान बेटे येतात. खोल समुद्रातील खडकाळ बेटांशी त्यांचे साम्य थोडे आहे. ती खाडीबेटे आहेत, म्हणजे नदीने आणलेला गाळ आणि समुद्राची भरती यांच्या संगमात तयार झालेल्या सखल भूमीच्या मधोमध जांभ्या दगडाच्या टेकड्या उभ्या असलेली बेटे. चोडण आणि दिवाडी या त्यांतील दोन मोठ्या बेटांचा इतिहास पाहिला, तर तेथे जमीन किती आहे आणि माणसे किती राहू शकतात हे निसर्गाइतकेच बांध घालणाऱ्या हातांनी ठरवले, असे दिसून येते.

मांडवीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर दोन मीटरांहून अधिक असते, आणि नदीचा उतार मुखाकडे अतिशय मंद असल्याने भरतीचा परिणाम कित्येक किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या पुरामुळे हेच पाणी जवळजवळ गोडे होते, तर उन्हाळ्यात वरून येणारा प्रवाह रोडावला की समुद्राचे खारे पाणी बेटांच्या चारी बाजूंनी चढते. अशा प्रदेशात जमिनीचे मोल तिच्या उंचीवरून ठरते आणि गोव्यातील शेतकरी भातजमिनीचे तीन वर्ग करतात : उंचावरची पावसावर पिकणारी ‘मोरड’, मधल्या पातळीची रेताड ‘खेर’ आणि भरतीच्या पातळीखाली असलेली ‘खाजन’. दिवाडी आणि चोडण येथील घरे टेकड्यांच्या उतारावर आणि पायथ्याशी दाटलेली आहेत, तर नदीकाठच्या रुंद पट्ट्यात घरे जवळजवळ नाहीत. हा पट्टा खाजनाचा असून तेथील प्रत्येक बिघा नदीच्या तोंडून काढून घेतलेला आहे.

खाजनाची रचना साधी दिसते, पण तिच्यात बरेच बारकावे आहेत. नदीच्या कडेने चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा यांचा बाह्य बांध घातला जातो. बांधाला ठराविक ठिकाणी दगडी खांबांचे आणि लाकडी झडपांचे दार असते, त्याला ‘मानस’ म्हणतात. झडप अशी बसवलेली असते की भरतीच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, त्यामुळे पावसाचे साचलेले पाणी नदीत जाते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. मानसाच्या आतल्या बाजूला ‘पोय’ नावाचा खोलगट जलमार्ग असतो, ज्यात जास्तीचे पाणी आणि मासळी दोन्ही साठतात. पावसाळ्यात कोरगूट, आझगो यांसारखी खारटपणा सोसणारी भाताची वाणे येथे घेतली जात. कापणी झाल्यावर मासळीसाठी खारे पाणी हेतुतः आत घेतले जाई, आणि काही ठिकाणी मिठागरेही चालत. एकाच जमिनीवर भात, मासे आणि मीठ यांचा असा हंगामी फेर चालत असल्याने खाजनाने तुलनेने छोट्या क्षेत्रावर बरीच माणसे पोसली.

ही व्यवस्था फार जुनी आहे. कोकण मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन् याच्या, सहाव्या शतकाच्या सुमाराच्या बांदोडे येथील ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचे दान नोंदले असून तेथे बांध घालून जमीन लागवडीस आणण्याचा संदर्भ आहे. मात्र बांध हे एका कुटुंबाचे काम नव्हे, कारण एका शेतकऱ्याच्या वाट्याच्या बांधाला पडलेले खिंडार शेजारच्या सर्वांचे पीक खारट करून टाकते. या निकडीतून गावकरी ही संस्था बळकट झाली. गावकरी म्हणजे मूळ वसाहतकारांच्या वंशजांचा सामुदायिक जमीनधारक संघ, जो जमीन लिलावाने कसायला देई, बांध आणि मानस सांभाळी, मानसावरील मासेमारीचा हक्क विकून उत्पन्न उभारी आणि उरलेल्या रकमेचा वाटा सभासदांना देई. पोर्तुगीज राजवटीत ती ‘कोमुनिदाद’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आफोन्सु मेशियाने 1526 मध्ये तयार केलेल्या स्थानिक चालीरीतींच्या सनदेत एक जुनी समजूत नोंदवली आहे, ती अशी की चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीस आणली आणि वस्ती वाढत गेल्यावर त्यांनाच गावकार म्हटले जाऊ लागले. या नोंदीतील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येत नसला, तरी बेटाची मालकी श्रमाने सिद्ध होते ही धारणा सोळाव्या शतकात किती पक्की होती, हे तीतून कळते.

बांधाची ही कल्पना दख्खनच्या पठारावरील वाचकाला अनोळखी नाही, मात्र तेथे तिची दिशा उलट आहे. हैदराबादच्या नारायणगुडा परिसराच्या वायव्येस इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, 1562-63 च्या सुमारास, हुसेनसागर हा तलाव बांधण्यात आला, आणि त्याच्या बांधाचे काम गोडे पाणी आत धरून ठेवण्याचे होते. मांडवीच्या बेटांवरील बांधाचे काम खारे पाणी बाहेर ठेवण्याचे होते. पठारावरील तलावाचा बांध सहसा राजाच्या किंवा अमीराच्या नावाने उभा राहिला, तर खाजनाच्या बांधांवर कोणाचे नाव नसे, कारण ते दर हंगामात गावाने पुन्हा बांधायचे असत.

हुसेनसागर बांधला जात होता, त्याच दशकात दिवाडीच्या लोकवस्तीवर मोठा आघात झाला. आफोन्सु दि आल्बुकेर्क याने 1510 मध्ये गोवा जिंकल्यावर ही बेटे पोर्तुगीज अंमलाखाली आली होती, 1540 च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यास सुरुवात झाली आणि 1560 च्या सुमारास बेटांवर मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. दिवाडीवरील नार्वे येथे सप्तकोटीश्वराचे देवालय होते. हा कदंब राजांचा कुलदेव असल्याने त्यांच्या लेखांतील बिरुदावलीत त्याचे नाव येते. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी त्याची हानी केल्यावर विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यानंतर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेण्यात आले आणि तेथील नव्या वस्तीलाही नार्वे हेच नाव मिळाले. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख आजही मंदिरावर आहे. दिवाडीच्या नावेलीचा महागणपतीही अशाच प्रकारे बेट सोडून शेवटी खांडोळ्यास स्थिरावला. देव गेले, त्यांच्यामागे पुजारी आणि काही कुटुंबेही गेली. राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जमीन मात्र हलवता येत नव्हती, आणि बांधाचे काम नव्या धर्मातील गावकारांनीही पूर्वीच्याच वाट्यांप्रमाणे चालवले. दिवाडीवरच्या टेकडीवरील पिएदाद चर्चजवळच्या दफनभूमीत जुन्या देवालयाचा एक भाग छोट्या प्रार्थनागृहाच्या रूपात उरला आहे.

बेटांचे संरक्षणही भरती-ओहोटीच्या तालावर अवलंबून होते. ओहोटीच्या वेळी काही ठिकाणी पाणी इतके उतरते की पायदळ पार होऊ शकते, आणि 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने याच गोष्टीचा लाभ घेऊन दिवाडीशेजारच्या जुवे बेटावरील किल्ला घेतला. त्यानंतर तो परत मिळवण्यासाठी आलेला विजरई कोंदि दि आल्व्होर स्वतः जखमी होऊन मागे हटला. जुने गोवे शहर समोरच्या काठावर असल्याने बेटांवर या धक्क्याचा परिणाम मोठा होता, मात्र त्यांना अधिक झिजवले ते रोगराईने. साथींनी शहर ओस पडत गेले, विजरईचे निवासस्थान 1759 मध्ये पणजीला हलले आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. ज्या बाजारात चोडण-दिवाडीचा भात, मासळी आणि नारळ विकला जात होता, तो बाजारच दूर गेल्याने बेटांवरील सुशिक्षित तरुण नोकरीसाठी बाहेर पडले, प्रथम मुंबईला, पुढे आफ्रिकेतील पोर्तुगीज आणि ब्रिटिश वसाहतींत. मुंबईच्या धोबीतलाव भागात गोव्यातील गावांच्या नावांनी चालणारी ‘कूड’ नावाची वसतिगृहे या स्थलांतराची खूण आहेत.

गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाल्यावर 1964 चा कूळ कायदा आला, आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालकी दिली. अनेक पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना त्यातून न्याय मिळाला, परंतु बांधाची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली तेव्हा तिच्यासोबत उत्पन्नाचे जुने साधन, म्हणजे मानसाचा लिलाव आणि सामुदायिक निधी, पुरेसे गेले नाही. मजुरी महागली, भाताचा भाव त्या प्रमाणात वाढला नाही, आणि घरचे लोक परदेशी असल्याने शेत पडीक ठेवणे परवडू लागले. कुठे बांध फुटून खारे पाणी आत राहिले, कुठे मासळीच्या लोभाने मानस मुद्दाम उघडे ठेवले गेले, आणि फुटलेल्या खाजनात काही वर्षांतच खारफुटी उगवली. चोडणच्या पश्चिम टोकाला 1.78 चौ. कि.मी. क्षेत्राचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य 1988 मध्ये अस्तित्वात आले, त्याची शोभा ही खारफुटीच आहे. पक्षिप्रेमींना जी संपदा वाटते, तीच काही शेतकऱ्यांच्या लेखी हरवलेल्या शेताची खूण असते, आणि दोन्ही मतांत तथ्य आहे.

आज दिवाडीला जाण्यासाठी जुने गोवे, रायबंदर किंवा डिचोलीकडील नार्वे येथून फेरीबोट घ्यावी लागते. कोकण रेल्वे बेटावरून जाते, पण तेथे थांबत नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी होणारा बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव वाड्यावाड्यांतील हद्दीच्या जुन्या वादांची आठवण मानला जातो, आणि हद्द आखण्याची एवढी आस्था ज्या समाजात होती तेथे जमीन किती कष्टाने मिळाली असेल, हेही त्यातून उमगते. पूल झाला तर बेटांची लोकवस्ती वाढेल की घटेल यावर मतभेद असू शकतात. बांध राखला गेला नाही, तर मात्र लोकांसाठी टेकड्यांचे उतारच उरतील आणि बेटाचा तो सपाट भाग, जो त्यांच्या पूर्वजांनी नदीकडून मिळवला, तो नदीकडे परत जाईल.