गाडीत रेडिओ स्कॅनर : टॅलामध्ये बसवताना काय पाहावे

रेडिओ स्कॅनर हे केवळ ऐकणारे यंत्र आहे. साठवून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सी ते एकामागून एक तपासते आणि जेथे संभाषण सुरू असेल तेथे थांबते. त्यातून प्रक्षेपण होत नाही. डब्लिनच्या नैर्ऋत्येस, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या टॅलामध्ये ते गाडीत बसवण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अमेरिकी चित्रपटांमुळे स्कॅनर म्हटले की पोलिसांची संभाषणे आठवतात. आयर्लंडमध्ये तो काळ सरला. गार्डा, म्हणजे येथील पोलीस, २०१०च्या आसपास टेट्रा या डिजिटल प्रणालीवर गेले. तिच्यावरील संभाषण कूटबद्ध असते आणि कोणताही महागडा स्कॅनर ते उलगडू शकत नाही.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. १९२६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार बिनतारी उपकरण बाळगण्यासाठी परवाना हा मूळ नियम आहे, आणि ऐकलेल्या संदेशाचा आशय अनुचितपणे इतरांना सांगण्यास मनाई आहे. करमणुकीचे कार्यक्रम ऐकण्याचा साधा रेडिओ आणि स्कॅनर यांना एकच न्याय लागतो असे गृहीत धरू नये. खरेदीपूर्वी कॉमरेग या नियामक संस्थेकडून लेखी खुलासा घेणे हिताचे. विमानाचे ध्वनिमुद्रित संभाषण व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची हौस तर मुळीच करू नये.

मग उरते काय? हौशी रेडिओचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा, १५६ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा सागरी पट्टा आणि मुख्यतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा विमानसंभाषणाचा पट्टा. टॅलाजवळच बाल्डोनेल येथे आयरिश हवाई दलाचा केसमेंट तळ आहे. अटलांटिकवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे न थांबता प्रथमच गेलेले ‘ब्रेमेन’ हे विमान १९२८ मध्ये येथूनच उडाले होते. युरोपात विमानसंभाषणासाठी ८.३३ किलोहर्ट्झ अंतराच्या वाहिन्या वापरल्या जातात. जुन्या स्कॅनरमध्ये ती सोय नसते. भारतातून किंवा अमेरिकेतून आणलेला संच आधी या कसोटीवर तपासावा.

खरे यश अँटेनावर अवलंबून असते. पाव-तरंगलांबीच्या दांड्याची मीटरमधील लांबी काढण्यासाठी ७५ ला मेगाहर्ट्झने भागावे आणि सुमारे पाच टक्के कमी करावेत. १२७ मेगाहर्ट्झसाठी ती साधारण ५६ सेंटिमीटर येते. दांडा उभाच हवा आणि त्याच्याखाली धातूचा सपाट पृष्ठभाग हवा, कारण तो पृष्ठभाग अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. म्हणून टपाचा मध्य ही सर्वोत्तम जागा. डिकीच्या कडेला बसवल्यास एका बाजूचे चांगले व दुसऱ्या बाजूचे क्षीण ऐकू येते. चुंबकी बैठक सोयीची असते, पण काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या टपावर ती चिकटणारच नाही. बहुमजली वाहनतळात शिरण्यापूर्वी दांडा काढून ठेवावा. केबल दाराच्या रबरातून आत घेताना ती चेपली जाणार नाही आणि पावसाचे पाणी तिच्यावरून आत ओघळणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

येथे एक स्थानिक अडचण आहे. डब्लिनच्या डोंगरांतील थ्री रॉक येथून एफएम केंद्रांचे शक्तिशाली प्रक्षेपण होते. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो, विमानांचा तेथून जवळच सुरू होतो. त्यामुळे विमानसंभाषणात मध्येच गाणी मिसळू लागली तर यंत्र बिघडलेले नसते. एफएम रोखणारी छोटी फिल्टर अँटेना आणि स्कॅनर यांच्या मध्ये लावावी.

वीजपुरवठा गाडीच्या १२ व्होल्टच्या मंडलातून घ्यावा. थेट बॅटरीपासून तार आणल्यास धन तारेवर, बॅटरीलगतच, पुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज हवा. चावी बंद होताच बंद होणारे मंडल निवडल्यास सकाळी बॅटरी उतरलेली आढळत नाही. विद्युत गाडीतील नारिंगी तारांना मात्र कोणत्याही कारणाने हात लावू नये. त्या उच्च दाबाच्या असतात.

स्वतंत्र, आठ ओहमचा छोटा स्पीकर डॅशबोर्डखाली पक्का करावा. गाडीच्या मूळ स्टिरिओच्या स्पीकरतारांना स्कॅनर जोडल्यास दोन्हींचे ॲम्प्लिफायर जळू शकतात. स्कॅनर, स्पीकर वा केबल यांपैकी काहीही एअरबॅगच्या वाटेत येता कामा नये. पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत खिडकीलगतचे खांबही याच वाटेत मोडतात. बदलाची माहिती विमा कंपनीला कळवावी.

चाचणी आधी इंजिन बंद ठेवून, मग सुरू करून घ्यावी. खरखर वाढली तर प्रथम संशय यूएसबी चार्जरवर घ्यावा. तो उपसून पाहिल्यावर बहुतेक वेळा उलगडा होतो. नंतर एन-८१ रस्त्याने ब्रिटासकडे फेरी मारावी, फ्रिक्वेन्सी अर्थातच निघण्यापूर्वी लावून ठेवाव्यात. डोंगर आड येताच डब्लिन विमानतळाच्या मनोऱ्याचा आवाज विरत जातो, तरी उंचावरील वैमानिकाचे उत्तर स्पष्ट येत राहते.